भिंतीवरची आजी

साहेब : ...बदलता येत नाही म्हणून तर सांगतोय, आजी. मदतनीस बाई दुपारी चारलाच येणार. ही वेळ काही आमच्या कार्यालयानं ठरवलेली नाही. लोकांनी ठरवलीय.

आजी : कुठल्या लोकांनी?

साहेब : ज्या म्हाताऱ्या माणसांना ही घरपोच सेवा लागते त्यांनी. पूर्वी आम्ही इथे बसून मनाला येईल तसं ठरवायचो. आता घरोघर जाऊन विचारलं आणि त्यातून एक नमुना आजी तयार केली. ती बघा, भिंतीवरच्या चित्रात. कुठलाही निर्णय घेताना आम्ही आधी तिच्याकडे बघतो.

आजी : थांबा, चष्मा पुसते... अहो, ही तर मीच.

साहेब : तुम्ही नाही. नमुना आजी.

आजी : नमुना तर आमचे हे मला पन्नास वर्षं म्हणतायत. पण स्वेटरचं ते तिसरं बटण बघा की. वेगळ्या रंगाचं. ते मीच लावलंय.

शिपाई : बटण तेच आहे साहेब. मावशींच्या अंगात आत्ताही तोच स्वेटर आहे.

साहेब : तू फायली लाव.

आजी : दोन वर्षांपूर्वी एक पोरगी आली होती वही घेऊन. गोड होती. काय हवं म्हणून विचारत बसली. तेव्हा हे हिंडतेफिरते होते, आंघोळ स्वतःची स्वतः करायचे. मी म्हटलं, मला मेलीला काय लागतंय? चारच्या सुमाराला कुणी चहाला आलं, घटकाभर बसलं, की झालं.

साहेब : बघा, तुमचीच मागणी. अख्ख्या शहराला लागू केली आम्ही. बक्षीस मिळालं त्याला.

आजी : चांगलं झालं. पण मग हे पडले ना. खुबा मोडला. आता कुशीवर वळवायचं म्हटलं तरी दोन माणसं लागतात. उजाडताना अंथरूण ओलं होतं आणि बाई येते चारला. तोवर हे ओल्यातच. मी ओढायला गेले तर माझ्याच कमरेत उसण भरली. बरं, बाई आली की आधी चहा घेते, गप्पा मारते. तिचा काय दोष, तिच्या कागदावर तेच लिहिलंय. मला फक्त तिची वेळ सकाळी सातची करून द्या.

साहेब : नमुना आजीच्या घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी नाही.

आजी : नशीबवान आहे बाई.

साहेब : तुम्ही म्हणालात म्हणून बदललं तर ती मनमानी होईल. मग लोकांचं ऐकलं कुठे?

शिपाई : पण साहेब, लोक म्हणजे या मावशीच की.

साहेब : या एक बाई आहेत. लोक भिंतीवर आहेत. हे बघा आजी, एक करता येईल. पुढची पाहणी सुरू होतेय, तुमचं नाव पहिलं घालतो. गरज सांगा, मी आत्ताच लिहून घेतो.

आजी : देव भलं करो. मग सकाळी सात लिहा. कधीपासून येईल ती?

साहेब : पाहणी, अहवाल, मग मंजुरी. दोन वर्षं धरून चाला.

आजी : डॉक्टर म्हणतात, एवढा हिवाळा निघाला तरी खूप झालं.

(फायलींची आवराआवर थांबते.)

साहेब : मग... लिहू ना सकाळी सात?

आजी : नको. मिळणार दोन वर्षांनी, तर तेव्हा मला काय लागेल तेच लिहा.

साहेब : काय लागेल?

आजी : तेव्हा घरात मी एकटीच असेन. चारच्या सुमाराला कुणी चहाला आलं, घटकाभर बसलं, की झालं.

साहेब : म्हणजे बदल काहीच नको?

आजी : नको बाळा, आहे तसंच राहू दे. माझंच चुकलं. त्या पोरीला मी जरा आधीच सांगून बसले.