दिराच्या नावानं बोललेला नवस

दुसऱ्याच्या वतीनं कधी नवस बोलू नये गं, जीव टांगणीला लागतो. माझे धाकटे दीर गुंतवणुकीच्या कंपनीत कारकुनापासून चढत गेले. त्यांना सर्वात वरची जागा मिळावी म्हणून मी महादेवाला परस्पर सांगून बसले, "भावजी आंबिवलीच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेला वर्षभर जेवण देतील." आणि जागा मिळाली की! आता त्यांना सांगणार कोण?

ते आणि जाऊबाई पेढे घेऊन आले, तेव्हा कसंबसं सांगितलं.

जाऊबाई म्हणाल्या, "वा, नवस तुमचा, खिसा आमचा."

भावजींनी पेढ्यांचा डबा बंद करून ठेवला.

"वहिनी, एकच वर्ष कबूल केलंत?"

"हो."

"मग दुसऱ्या वर्षी मुलांनी काय तुमच्यासारखे सोमवार धरायचे?"