मांजरीची खोली

हडपसरच्या बसथांब्यावर माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. मध्ये नवी कोरी सूटकेस.

“आई, प्रोजेक्ट तीन वर्षांचं आहे. अमेरिकेहून लगेच येता येणार नाही. तू आणि बाबा सांभाळा एकमेकांना.”

“कल्याणी, तू गेलीस की मी इथे जवळच, मांजरी गावात राहायला जाणार आहे. खोली घेतलीय.”

“आणि बाबा?”

“ते बिबवेवाडीतच राहतील.”

“काय बोलतेयस तू! भांडलात?”

“भांडणं कधीच संपली. तू दहावीत असतानाच वेगळं व्हायचं ठरलं होतं. तुझं सगळं मार्गी लागेपर्यंत थांबलो.”

“मग रोज रात्री एकत्र जेवत होतो, ते?”

“तुझ्यासाठी.”

“बाबांना माहीत आहे, तू खोली घेतलीस?”

“त्यांनीच शोधली. रंगसुद्धा तेच देताहेत.”

बस आली, तरी कल्याणी जागची हलली नाही.