मंगळावरची रांग

हसू नका, पण मी एकेकाळी मंगळावरच्या युद्धाचं कॉमिक काढायचो. लातूर नुकताच जिल्हा झालेला, वर दुष्काळ. टँकरसाठी रांगेत हंडा ठेवला की नंबर पक्का, माणूस सावलीला बसायला मोकळा. मी हंडा लावून वही उघडायचो.

एकदा शेजारच्या महादेवीकाकूंनी ती वही ओढूनच घेतली. यंत्रमानव, अग्निबाण, सगळं भराभर उलटलं आणि शेवटच्या पानावर थांबल्या. तिथं लढाई संपलेली. लाल मातीत सैनिकांची हेल्मेटं लांबवर ओळीनं उलटी पडलेली, बाकी चिटपाखरू नाही. ते बघून माणूस हादरलाच पाहिजे, अशी माझी खात्री होती.

काकू म्हणाल्या, "लई लांब रांग हाय रे. कुठल्या गावची?"

"काकू, मंगळ हाय तो."

"असंल. पण हंडे ठिवून माणसं कुठं गेली?"

"मेली. सगळी."

आता हादरतील, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. काकूंनी पदरानं घाम पुसला, चित्र पुन्हा नीट बघितलं आणि हळूच विचारलं,

"म्हंजे टँकर आलाच न्हाई?"