पासवर्ड कुणाला सांगू नकोस

हसू नका रे, खरंच सांगतेय. दीड वर्ष घरी बसल्यावर पहिला इंटरव्ह्यू आला होता, तोही व्हिडिओ कॉलवर. म्हणून मी खास नवीन राउटर आणला, तीन अँटेनांचा. दुकानदार सांगत होता, "ताई, चाळीतल्या एका खोलीला छोटा पुरे." ऐकलं कोणी? रेंज अख्ख्या गॅलरीत गेली आणि शेजारच्या शीलाकाकूंनी पहिल्याच दिवशी आमच्याकडून पासवर्ड नेला. त्यांच्या सिरियली सुरू झाल्या की माझ्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरायचं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी मी गुपचूप पासवर्ड बदलला. रागाच्या भरात टाकला, 'शीलाकाकूनको' आणि पुढे दोन आकडे. आईच्या फोनमध्ये टाकायला तिच्या कानात सांगितला आणि बजावलं, "कुणाला सांगायचा नाही हं."

कॉलची वेळ झाली आणि माझ्याच लॅपटॉपवर तो लागेना! पुन्हा टाकला, पुन्हा चूक. आईला विचारलं, तर ती म्हणे, "मला नाही बाई आठवत. तू मोठ्याने म्हणून बघ."

मोठ्याने कसं म्हणू? मध्ये फक्त लाकडी पार्टिशन! मी आपली नुसते आकडे पुटपुटतेय, "चार-सात... चार-सातच होतं ना?"

तेवढ्यात पार्टिशनपलीकडून शीलाकाकूंचा शांत आवाज आला, "चार-सात नाही गं, सात-चार. आणि त्याच्या आधी 'शीलाकाकूनको'. आमचं सकाळीच लागलंय."