सुजलेलं सड

त्या दिवसाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. नसरापूरजवळ एक मोठं शेत हाय, लोक पोराबाळांना घेऊन गाईगुरं, भातखाचरं बघायला येत्यात. आमीबी रविवारी गेलो. मी, माझी दोन पोरं आणि अम्मी. अम्मीचं सगळं आयुष्य भाटघरला म्हशी सांभाळण्यात गेलंय.

तिथं एका गाईपुढं पोरांची ही लांबलचक रांग. एकेक पोरगं खाली बसायचं, सड ओढायचं आणि आईबाप फोटो काढायचे. गाय सारखी पाय झाडत होती. अम्मीनं वाकून कासेला हात लावला आणि ताडकन उठली.

"अरे, सड सुजलंय हिचं! चटका बसतोय हाताला. बंद करा हे!"

मालक हसत म्हणाला, "मावशी, लई गरीब गाय हाय. काय करत न्हाई."

"ती काय करत न्हाई म्हणून तुमी कायबी करणार व्हय?"

"लोक लांबून आल्यात. पोरं हिरमुसतील."

माझी धाकटी तर रडायलाच लागली, तिचाच नंबर आला होता. अम्मीनं तिला बाजूला सारलं, गाईचं दावं सोडलं आणि हाताला गुंडाळून उभी राहिली.

आता मालक चिडला. "दावं द्या हिकडं! गाय माझी हाय."

"मग तुझी असल्यासारखा वाग," अम्मी कडाडली. "डाक्टरला फोन लाव. तवर माझ्या हातातनं दावं सुटायचं न्हाई."

सगळ्यांचे मोबाईल आता मालकाकडं वळले होते. त्यानं गुमान फोन लावला.