जिन्यामागची कबर

दवाखान्यात गर्दी होती. समोरच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या आणि शिंपीणबाई, ऐकायचं नाही म्हणत, सगळं ऐकत होत्या.

“वहिनी, तोंड का पाडलंयस? सुई तर मला टोचायची आहे.”

“काल आपल्या घरी एक आजोबा आले होते, वन्सं. काठी टेकत, हातात फुलं घेऊन. म्हणाले, चारशे वर्षांपूर्वीची कबर इथंच आहे ना?”

“आहेच की, जिन्यामागे. ज्यानं गावात पहिला कालवा आणला त्याची.”

“मी म्हटलं, इथं असलं काही नाही.”

“अगं बाई! का?”

“कशी दाखवू? कबरीवर तुमच्या भावाची मोडकी खुर्ची, माझी ओली फडकी. नाव कोरलंय तिथं रंगाचे डबे मीच रचलेत.”

“मग काय म्हणाले?”

“माफ करा म्हणाले. खोटं बोलले मी, आणि माफी मागितली त्यांनी.”

“जाऊ दे. गेले ना आता?”

“आज दुपारची गाडी आहे म्हणाले होते. आज सकाळी शेजारच्या गल्लीत दारोदार विचारत होते. फुलं तीच, सुकलेली.”

“मग सांगायचंस ना!”

“मी दुधाची पिशवी तोंडापुढे धरून निघून आले.”

नर्सनं नाव पुकारलं. नणंद उठली. भावजयही उठली, पण बाहेरच्या दाराकडे वळली आणि मध्येच थांबली.

“वन्सं, आधी डबे हलवू की आधी त्यांना शोधू?”

“आधी त्यांना शोध. डबे त्यांच्यादेखत हलव.”

शिंपीणबाईंनी वाट द्यायला पाय आत घेतले.