भाऊंची गूळतुला अन् माझा काटा

मी एकोडीचा काटेवाला जी, माझा बाप काटेवाला, अन् माझा आजा तं असा काटेवाला का त्यानं वाघ मोजला होता, साहेबलोकांनी जंगलातून आनलेला, आता तो वाघ मेलेला होता का जिता हे मले इचारू नका, आजा म्हने जिताच होता अन् पारड्यात बसल्या बसल्या जांभई देऊन राहिला होता. त्याच आज्याचा काटा माझ्यापाशी आहे, तिपाईले टांगाचा, लोखंडी दांडी अन् दोन पारडे. काय सांगू तुमाले, एका पारड्यात माशी बसली तं दांडी झुकते, अन् माशी उपाशी आहे का जेवून आली हेबी समजते.

आता व्यापाऱ्यांकडं लाइटचे काटे आले, लाल लाल आकडे दिसतात. पन आमच्या इकडचे लोक धान विकाले नेताना पोतं आधी माझ्या दारात आनतात, काटा करून घेतात, अन् मंगच व्यापाऱ्याच्या लाल आकड्याले मान देतात. तेच माझं पोटपानी. दुसरं काम म्हनजे तुला, मानसाच्या भारोभार गूळ नाही तं पेढे मोजाचे. पुढाऱ्याचा वाढदिवस आला का मले बोलावनं येते, काहून का लाइटच्या काट्यावर उभा केला तं मानूस फोटोत दवाखान्यात आल्यासारखा दिसते.

तं मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट, धान कापनीले आला होता, अन् आमच्या भागातल्या एका भाऊंची गूळतुला होती. गूळ माझ्या इवायाच्या दुकानचा. इवाई म्हनजे माझ्या पोरीचा, छबूचा सासरा, अड्याळले त्याचं किराना आहे. गुळाची एकेक भेली पाच किलोची, असं त्यानंच माइकवर सांगतलं. भाऊंनीबी माइक घेतला, म्हने आज सकाळीच डॉक्टरनं वजन केलं, बरोबर ऐंशी किलो, सोळा भेल्या लागतीन, अन् सगळा गूळ गावाले वाटाचा. टाळ्या!

भाऊ पारड्यात बसले. गळ्यातले हार मी काढाले लावले, हारांच्या वजनाचा गूळ गावानं फुकट काहून खावा? दुसऱ्या पारड्यात भेल्या चढत गेल्या. सोळावी ठेवली, भाऊ खालीच. सतरावी ठेवली, भाऊ जमीन सोडाले तयार नाही. अठरावी ठेवली तवा कुठं दांडी सरळ झाली. बापा बापा! मी दांडीकडं पाहू का भाऊंकडं पाहू. कोनी म्हने भाऊंचा नाष्टा भारी झाला, पोट्टे खिदळून राहिले, अन् तेवढ्यात एक आवाज आला का काट्यात पासंग आहे, बुडा झाला तो काटा, एका अंगानं झुकते.

कोन बोललं असन? माझा इवाई! ज्याले मी लग्नाच्या मांडवात छातीशी धरलं तो! मले वाटलं माझ्याच कानाले काई झालं.

आता पाहा माझी गत. काटा खोटा म्हटला तं उद्यापासून माझ्या दारात एक पोतं येनार नाही. अन् काटा खरा म्हटला तं भेली खोटी, म्हनजे छबूचा सासरा चोर, अन् छबूले त्याच घरात नांदाचं. ती तिथंच बायांमंधी बसून होती, डोक्यावर पदर. मी मनात म्हटलं जाऊ दे, बापा, काट्याचं नाव गेलं तं जाऊ दे. तोंड उघडलं, हो, काटा बुडा झाला, एवढं म्हनतच होतो, तं बायांमधून आवाज आला, बाबा, पारडे बदलवा!

माझीच पोर! जी सासऱ्यासमोर कदी खोकलली नाही ती! तिले ठाऊक, खोटा काटा असन तं इकडचं वजन तिकडं केलं का दांडी लगेच झुकते, अन् खरा असन तं हालत नाही.

मंग मी कोनाचं आयकतो? उतरा म्हटलं भाऊ, तिकडं बसा. भाऊ म्हने, अबे, मी मानूस होय का धानाचं पोतं? मी म्हटलं, भाऊ, काट्याले दोघंबी सारखेच. गुळाच्या जागी भाऊ, भाऊंच्या जागी गूळ. दांडी सरळ! तळ्यातलं पानी असते ना, तशी सरळ. उडतं पाखरूबी पाहाले जागच्या जागी थांबलं. इवाई म्हने, माल वरतूनच असा येते. एक बुडी म्हने, वरतून म्हनजे कुठून गा, आभाळातून?

त्या दिवसापासून मी एस्टीच्या थांब्यावर जाऊन बसत होतो, का सासऱ्यानं हाकलली अन् आता छबू पिशवी घेऊन उतरते. नाही उतरली. अड्याळच्या बाया दुकानात जाऊन म्हनाल्या, सुनबाई मोजून देईन तं घेतो, नाही तं नाही. इवायानं चूपचाप काटा तिच्यासमोर सरकवला. माझ्याशी तो अजून बोलत नाही, मले पाह्यलं का पोत्यांकडं तोंड करते. करो बापा.

परवा गेलो होतो. म्हटलं, छबे, किलोभर साखर दे. तिनं टाकली, लाल आकडा जरासा वर गेला, अन् तिनं माझ्या डोळ्यांसमोर, सख्ख्या बापाच्या पुडीतून, चिमूटभर साखर काढून घेतली जी! मी आ वासून पाहातच राहिलो. सासऱ्यानंबी पाह्यलं. सुखी राह्य माय, म्हटलं, अन् पुडी घेऊन एस्टीत बसलो.